लपवू नका, नेऊच नका

अमेरिकेला किंवा ब्रिटनला निघालेल्या आपल्या मुलामुलींना हल्ली दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला घरातल्या मोठ्यांचा: "आपण काही वावगं केलेलं नाही ना? मग लॅपटॉप बघितला तर बघू दे." दुसरा मित्रांचा आणि यूट्यूबचा: "हार्ड डिस्कवर एक लपवलेला कप्पा कर, दाखवायला वेगळा पासवर्ड ठेव, कोणाच्या बापाला कळणार नाही." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. लोकांचा डेटा सांभाळणाऱ्या यंत्रणा बांधणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात असे फोन मला येतातच. माझे उत्तर दोन्ही सल्ल्यांच्या विरोधात असते. पहिला सल्ला भाबडा आहे आणि दुसरा धोकादायक आहे. दोन्हींमध्ये एकच गोष्ट विसरली जाते: लॅपटॉपमध्ये जे आहे, ते फक्त आपले नसते.

आधी वस्तुस्थिती पाहू, कारण व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या भीतीकथांनी कोणाचेच भले होत नाही. अमेरिकेच्या सीमा तपासणी खात्याने, म्हणजे सीबीपीने, २०२४ या आर्थिक वर्षात ४७,०४७ उपकरणांची तपासणी केली. त्या वर्षी ४२ कोटींहून अधिक प्रवासी त्यांच्या नाक्यांवरून गेले. म्हणजे साधारण नऊ हजार प्रवाशांमागे एक तपासणी. तुमचा लॅपटॉप उघडला जाण्याची शक्यता कमी आहे, हे आधी मान्य करू या.

पण ही निवड चिठ्ठ्या टाकून होत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये रायली खटल्यात ठरवले की, अटक केलेल्या माणसाचा मोबाइल तपासायलाही पोलिसांना साधारणपणे वॉरंट लागते. सीमेवर मात्र हे संरक्षण पातळ होते. सीबीपीच्या जानेवारी २०१८ च्या नियमावलीनुसार अधिकाऱ्याला तुमचे उपकरण हातात घेऊन चाळायला कोणत्याही संशयाची गरज नाही. उपकरण यंत्राला जोडून सगळा डेटा काढून घ्यायचा, म्हणजे 'सखोल' तपासणी करायची, तर वाजवी संशय किंवा राष्ट्रीय सुरक्षेचे कारण लागते. साधी तपासणी अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालते. आणि जिथे मर्जी चालते तिथे नाव, दाढी, हिजाब, पासपोर्टवरचे जुने शिक्के या सगळ्यांना वजन येते. हे तुम्हाला मी सांगायला नको.

मर्जी म्हणजे काय, याची दोन उदाहरणे देतो. जानेवारी २०१७ मध्ये नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत काम करणारा, अमेरिकेत जन्मलेला एक इंजिनिअर चिलीहून परतला. ह्यूस्टनच्या विमानतळावर त्याला थांबवून फोनचा पिन मागितला गेला. फोन त्याच्या संस्थेच्या मालकीचा होता आणि त्याने तसे सांगितलेही. तरी त्याला पिन द्यावा लागला. ऑगस्ट २०१९ मध्ये लेबनॉनमध्ये राहणारा सतरा वर्षांचा एक पॅलेस्टिनी मुलगा हार्वर्डमध्ये प्रवेश घेऊन बोस्टनला उतरला. त्याने नंतर सांगितले की, अधिकाऱ्यांनी त्याचा फोन आणि लॅपटॉप तपासला आणि त्याच्या मित्रांनी समाजमाध्यमांवर लिहिलेल्या राजकीय मजकुराबद्दल त्याला जाब विचारला. स्वतः त्याने काही लिहिले नव्हते. व्हिसा रद्द करून त्याला परत पाठवले. बराच गाजावाजा झाल्यावर सुमारे दहा दिवसांनी त्याला प्रवेश मिळाला. प्रत्येकाच्या मागे हार्वर्डसारखी संस्था उभी राहत नाही.

आता पहिल्या सल्ल्याकडे येऊ. "आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" असे म्हणणाऱ्या अब्बांना माझा एक साधा प्रश्न असतो. तुमच्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये अम्मीचे बायोप्सीचे रिपोर्ट आहेत. बहिणीच्या लग्नाचे फोटो आहेत, त्यातले निम्मे बायकांच्या खोलीत काढलेले. मामूंच्या जमिनीच्या वाटणीचे कागद आहेत. मित्राने नोकरी सोडण्याआधी मन मोकळे करून लिहिलेले मेल आहेत. यातले एकही बेकायदा नाही. पण हे सगळे परक्या माणसाने चाळावे, अशी परवानगी अम्मीने दिली होती का? बहिणीने दिली होती का?

हा प्रश्न मी हवेत उभा केलेला नाही. अमेरिकेतील अकरा प्रवाशांनी २०१७ मध्ये सरकारवर खटला भरला, तो अलासाद खटला म्हणून ओळखला जातो. त्यांपैकी दहा जण अमेरिकेचे नागरिक होते आणि एक कायमचा रहिवासी. त्यातल्या एका महिलेचा आक्षेप असा होता की, ती डोके झाकते, तिच्या फोनमध्ये तिचे आणि मुलींचे डोक्यावर स्कार्फ नसलेले फोटो आहेत आणि ते पुरुष अधिकाऱ्यांनी पाहू नयेत. फोन मात्र जप्त झाला. तिने कोणता गुन्हा लपवला होता? काहीच नाही. तिला फक्त आपल्या घराची चौकट राखायची होती.

आणि अधिकारी पाहतो, विसरतो आणि तुम्ही पुढे जाता, असेही समजू नका. २०२२ मध्ये सिनेटर रॉन वायडन यांनी उघड केले की, सीबीपी वर्षाला सुमारे दहा हजारांपर्यंत उपकरणांतील डेटा एका मध्यवर्ती साठ्यात भरते, तो पंधरा वर्षे ठेवते आणि सुमारे २,७०० कर्मचारी तो वॉरंटशिवाय शोधू शकतात. आज बावीस वर्षांचा मुलगा एमएस करायला निघाला असेल, तर तो सदतीस वर्षांचा होईपर्यंत त्याच्या आईचे रिपोर्ट तिथे पडून राहू शकतात. "बघू दे" म्हणताना आपण एवढे सगळे देऊन टाकत असतो.

आपल्या चळवळीतल्या कार्यकर्त्यांसाठी तर हा प्रश्न आणखी गंभीर आहे. तुमच्यापैकी अनेक जण तलाक, पोटगी, मेहर, मारहाण अशा प्रकरणांत महिलांना अर्ज लिहायला मदत करता. त्यांचे निकाहनामे, आधार कार्डे, दवाखान्याचे कागद, पोलिसांकडे दिलेल्या तक्रारी तुमच्या लॅपटॉपमध्ये एखाद्या फोल्डरमध्ये असतात. नवऱ्याला पत्ता कळू नये म्हणून माहेर बदललेल्या बाईचा फोन नंबरही त्यात असतो. ही अमानत आहे. अमानतीच्या बाबतीत "मला काही हरकत नाही" हे वाक्य म्हणण्याचा अधिकार सांभाळणाऱ्याला नसतो. तो ज्याची वस्तू आहे त्याला असतो.

इथे दुसरा सल्ला देणारे मित्र खूश होतात. "म्हणूनच तर लपव म्हणतोय!" तर त्यांचेही ऐकून घेऊ, पण तंत्र नीट समजून.

लपवलेल्या कप्प्याची कल्पना अशी: ट्रूक्रिप्ट आणि नंतर आलेले व्हेराक्रिप्ट ही सॉफ्टवेअर एका कुलूपबंद कप्प्याच्या आत दुसरा कप्पा करू देतात. एका पासवर्डने वरवरच्या, निरुपद्रवी फाइली उघडतात. दुसऱ्याने खऱ्या. बाहेरून पाहणाऱ्याला आतला कप्पा आणि रिकामी जागा सारखीच दिसते, दोन्हीकडे निव्वळ यादृच्छिक आकडे. गणित उत्तम आहे. मी त्या गणिताची थट्टा करणार नाही.

पण संगणक म्हणजे फक्त गणित नव्हे. २००८ मध्ये ब्रूस श्नायर आणि वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी ट्रूक्रिप्टच्या तेव्हाच्या आवृत्तीची परीक्षा घेतली. कप्प्याचे कुलूप कोणी फोडले नाही. चुगली केली ती विंडोजने आणि रोजच्या सॉफ्टवेअरनी. अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी, वर्डने आपोआप ठेवलेल्या प्रती, शोध सॉफ्टवेअरने करून ठेवलेली सूची, या सगळ्यांत लपवलेल्या फाइलींच्या खुणा राहिल्या होत्या. त्यात आता एसएसडी आली. ती डेटा कुठे लिहायचा हे स्वतः ठरवते, जुन्या प्रती मागे ठेवते आणि कोणती जागा रिकामी आहे याची नोंदही बाळगते. लपवण्याच्या शास्त्रात हे सगळे शत्रूचे साक्षीदार आहेत. यूट्यूबवरचा दहा मिनिटांचा व्हिडिओ तुम्हाला हे सांगत नाही.

समजा, तुम्ही सगळे अचूक केले. तरी खरा पेच उरतोच, आणि तो तांत्रिक नाही. अधिकारी विचारतो, "यात अजून एखादा पासवर्ड आहे का?" आता तुमच्यापुढे दोनच वाटा: खरे सांगा म्हणजे लपवणे वाया गेले, किंवा खोटे बोला. अमेरिकेत सरकारी अधिकाऱ्याला महत्त्वाच्या बाबतीत जाणूनबुजून खोटे सांगणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. प्रवेश मिळवण्यासाठी महत्त्वाची बाब खोटी सांगितली असे ठरले, तर परदेशी नागरिकावर कायमची बंदी येऊ शकते. म्हणजे ज्या फोल्डरमध्ये काहीच बेकायदा नव्हते, त्याच्यासाठी तुम्ही स्वतः एक गुन्हा निर्माण केला. लॅपटॉपमध्ये निष्पाप कागद आणि तोंडात खोटे. याहून वाईट सौदा मला माहीत नाही.

या तंत्राची आणखी एक बाजू आहे, तिच्याबद्दल फार कमी बोलले जाते. लपवलेला कप्पा आहे हे जसे सिद्ध करता येत नाही, तसेच तो नाही हेही सिद्ध करता येत नाही. ज्याच्यावर मुळात विश्वास आहे, त्याला हे तंत्र फायद्याचे. "नाही" म्हटले की त्याचे ऐकले जाते. पण ज्याच्याकडे पाहण्याची नजरच संशयाची आहे, त्याचे काय? तो सगळे पासवर्ड देऊन बसला तरी समोरचा म्हणू शकतो, अजून एक आहे, तो दे. आपल्या नावाच्या माणसाने असे हत्यार घेऊन सीमेवर जावे, ज्यात स्वतःचा निर्दोषपणा दाखवण्याची सोयच नाही, याला मी हुशारी म्हणणार नाही.

शिवाय माणूस हा सगळ्यात कच्चा दुवा असतो. ऑगस्ट २०१३ मध्ये डेव्हिड मिरांडा यांना लंडनच्या हीथ्रो विमानतळावर नऊ तास अडकवले. त्यांचे जोडीदार, पत्रकार ग्लेन ग्रीनवाल्ड, स्नोडेनने दिलेल्या कागदपत्रांवर बातम्या करत होते. मिरांडांकडील डेटा कुलूपबंद होता. पण ब्रिटिश सरकारने न्यायालयात दिलेल्या निवेदनानुसार एका फाइलचा पासवर्ड कागदावर लिहून त्यांच्याजवळच होता. जगातल्या बलाढ्य गुप्तहेर संस्थांशी झुंजणाऱ्यांच्या वर्तुळात हे घडू शकते, तर चौदा तासांच्या प्रवासानंतर, इमिग्रेशनच्या रांगेत घाबरलेल्या आपल्या पोराचे काय?

मग करायचे काय? उत्तर कंटाळवाणे आहे: नेऊच नका. जे सोबत नाही, ते कोणी तपासू शकत नाही. त्याबद्दल खोटेही बोलावे लागत नाही. कोणी विचारलेच, तर शांतपणे सांगता येते: "हा प्रवासाचा लॅपटॉप आहे, घरचा डेटा घरी ठेवलाय." हे वाक्य शंभर टक्के खरे आहे आणि त्यातच त्याची ताकद आहे.

प्रत्यक्षात हे असे होते. निघण्याच्या आधी दोन आठवडे सगळ्या डेटाची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर घ्या, ती डिस्क कुलूपबंद करा आणि घरी ठेवा. लॅपटॉपवर बिटलॉकर, फाइलव्हॉल्ट किंवा लिनक्सवरचे लक्स, जे असेल ते पूर्ण डिस्कचे एन्क्रिप्शन सुरू करा आणि मग लॅपटॉप नव्याने रीसेट करा. नुसते डिलीट करून भागत नाही. डिलीट केलेली फाइल बरेचदा फक्त यादीतून जाते, डिस्कवरून जात नाही. एन्क्रिप्ट केलेली डिस्क रीसेट केली की जुनी किल्ली नष्ट होते आणि मागे उरते ती न उलगडणारी रद्दी. त्यानंतर लागेल तेवढेच भरा: प्रवेशपत्र, आय-२०, नोकरीचे पत्र, तिकीट, अभ्यासाची पुस्तके, थोडी गाणी. लॅपटॉप कोरा करकरीत नको, साधा हवा.

मेल, ड्राइव्ह, व्हॉट्सॲप वेब यांतून लॉगआउट व्हा. सीबीपीच्या नियमावलीनुसार अधिकाऱ्यांनी फक्त उपकरणात असलेलाच डेटा पाहायचा असतो, नेटवर्क बंद ठेवून. क्लाउडवरचा नाही. पण ज्या फाइली ॲपने आधीच उतरवून ठेवल्या आहेत, त्या 'उपकरणात असलेल्या'च ठरतात. म्हणून ॲपच काढा, उतरल्यावर पुन्हा टाका. फोन विसरू नका. लॅपटॉप स्वच्छ आणि फोनमध्ये दहा वर्षांचे व्हॉट्सॲप, असे केले तर सगळे मुसळ केरात. दोन टप्प्यांच्या लॉगिनचे राखीव कोड घरी भरवशाच्या माणसाकडे ठेवा, नाहीतर फोन जप्त झाल्यावर तुम्हीच स्वतःच्या मेलबाहेर राहाल. विमान उतरण्याआधी दोन्ही उपकरणे पूर्ण बंद करा, स्लीपवर नव्हे. चालू यंत्राच्या मेमरीत किल्ली जिवंत असते. बोट आणि चेहऱ्याने उघडणे बंद ठेवा. आणि अधिकाऱ्याने मागितल्यानंतर काहीही पुसायला जाऊ नका. घरी पुसणे ही तुमची मर्जी आहे, त्याच्यासमोर पुसणे हा पुरावा नष्ट केल्याचा आरोप ठरू शकतो.

लॅपटॉप कंपनीचा असेल, तर निघण्याआधी कंपनीला लेखी विचारा: सीमेवर मागितला तर काय करायचे? पुष्कळ कंपन्यांकडे यासाठी वेगळे, रिकामे लॅपटॉप असतात. ते मागायला लाजू नका.

एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो: "आपण काय गुन्हेगार आहोत, म्हणून रिकामा लॅपटॉप घेऊन जायचा? ही तर शरणागती झाली." नाही. न्यूयॉर्क शहराच्या वकील संघटनेने २०१७ मध्ये आपल्या सदस्यांसाठी मार्गदर्शक मत काढले. त्याचा मथितार्थ असा की, सीमा ओलांडताना अशिलाची गोपनीय माहिती उघड होऊ नये याची वकिलाने आधीच काळजी घ्यावी, गरज नसेल तर ती सोबत नेऊच नये. न्यूयॉर्कचे वकील गुन्हेगार नाहीत. दुसऱ्याचा विश्वास सांभाळणाऱ्याचे ते कर्तव्य आहे. जे अशिलासाठी वकील करतो, ते त्या पोटगीच्या अर्जातल्या बाईसाठी आपण का करू नये?

लपवणे आणि नकार देणे यांतही फरक करायला शिका. 'केज' या संघटनेचे संचालक मुहम्मद रब्बानी नोव्हेंबर २०१६ मध्ये हीथ्रोला उतरले, तेव्हा त्यांच्याकडे पासवर्ड मागितले गेले. ब्रिटनच्या दहशतवादविरोधी कायद्याचे सातवे परिशिष्ट कोणत्याही संशयाशिवाय प्रवाशाला सहा तासांपर्यंत थांबवून चौकशी करू देते आणि सहकार्य न करणे हा गुन्हा मानते. रब्बानी खोटे बोलले नाहीत. त्यांनी सांगितले की, छळ झालेल्या एका माणसाने विश्वासाने दिलेली माहिती यात आहे, मी पासवर्ड देणार नाही. सप्टेंबर २०१७ मध्ये ते दोषी ठरले. त्यांना तुरुंगवास झाला नाही, बारा महिन्यांची सशर्त सुटका आणि ६२० पौंड खर्च भरण्याचा आदेश झाला. पण दहशतवाद कायद्याखालचा शिक्का कायम राहिला. ताठ मानेने दिलेल्या नकाराची मला कदर आहे. त्याची किंमतही मला दिसते. ते ब्रिटिश नागरिक होते, त्यांना देशाबाहेर कोणी काढू शकत नव्हते. तुम्ही व्हिसावर असाल, तर अमेरिकेत नकाराचा अर्थ बहुधा परतीचे विमान असा होतो. न्यूझीलंडमध्ये पासवर्ड न दिल्यास पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून तुम्हाला नकार द्यावाच लागू नये, अशी तयारी घरीच करा. लॅपटॉप ठेवून घेतला, तर भांडू नका, पण पावती मागा. सीबीपीचा त्यासाठी ६०५१-डी क्रमांकाचा फॉर्म आहे.

एवढे करूनही समाजमाध्यमांचा प्रश्न राहतो. अमेरिकी व्हिसाच्या अर्जात २०१९ पासून मागच्या पाच वर्षांतली सगळी खाती विचारतात, आणि २०२५ पासून विद्यार्थ्यांना ती सार्वजनिक ठेवायला सांगतात. तिथेही नियम तोच: खाते लपवू नका, खोटे लिहू नका. दुसऱ्याचे जे तिथे असायला नको, ते आधी काढा.

तंत्र हा हक्काला पर्याय नाही, हेही सांगितले पाहिजे. अलासाद खटल्यात २०१९ मध्ये खालच्या न्यायालयाने वाजवी संशयाची अट घातली होती. २०२१ मध्ये वरच्या न्यायालयाने ती काढली आणि सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातले नाही. दुसरीकडे मिरांडा प्रकरणात ब्रिटनच्या अपील न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केले की, पत्रकारांच्या सामग्रीला या कायद्यात पुरेसे संरक्षण नाही. ही लढाई कधी जिंकली, कधी हरली जाते, पण ती उघडपणे लढणारे लोक होते म्हणून आज निदान नियम लिहिलेले आहेत. तिथे स्थायिक झालेल्या आपल्या भावंडांनी, विशेषतः नागरिकत्व मिळालेल्यांनी, ही लढाई आपली मानावी. त्यांना परत पाठवले जाण्याची भीती नाही. ती भीती असलेल्यांच्या वतीने त्यांनी बोलायचे.

आणि आपल्या घरात? भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. परदेशी अधिकाऱ्याने आपला फोन चाळला की आपल्याला अपमान वाटतो, तो वाटलाच पाहिजे. मग बहिणीच्या फोनचा पासवर्ड भावाला माहीत असलाच पाहिजे, असे मानणाऱ्या घरात हा अपमान तिला रोज होतो, हेही कबूल करा. "लपवण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न सीमेवरचा अधिकारी आणि घरातला भाऊ एकाच सुरात विचारतात.

तेव्हा ज्यांचे तिकीट निघाले आहे, त्यांनी या रविवारी लॅपटॉप उघडून बसावे आणि प्रत्येक फोल्डरसमोर थांबून विचारावे: हे कोणाचे आहे? ज्या बाईच्या अर्जावर तुम्ही मदत केली, तिला फोन करा. तिचे कागद कुठे ठेवायचे, तिच्या वकिलाकडे, संघटनेच्या कार्यालयात की तिच्याच हाती, हे तिला ठरवू द्या. ते कागद तिला पोचले की मगच बॅग भरायला घ्या.